करूळच्या वळणावरची ती

मृण्मयी चौगुलेने तो नवा हेडसेट दुसऱ्यांदा डोक्यावर चढवला आणि करूळ घाटाची उतरण लागते न लागते तोच तिला भडभडून उलटी झाली. घाट तिथून कितीतरी लांब होता. ती बसली होती कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. इंद्रजितने झटकन हेडसेट काढून घेतला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फडकं आणून फरशी स्वतः पुसली.

"राहू दे, मृणू. तुझ्या कानाला हे झेपायचं नाही."

"मी माझ्या पडद्यावरच बरी," ती पाण्याची चूळ भरत म्हणाली. "तू जा आत. मी बाहेरून येते तुझ्या मागे."

तेव्हा दोघंही हसली होती.

रेसिंगच्या खेळानेच त्यांचं लग्न जुळवलं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका मुलीने आपल्याला सलग हरवलं हे इंद्रजितला सहन झालं नव्हतं, आणि तिचा नंबर मिळवायला ते निमित्त पुरलं. पुढे तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत साच्यांची डिझाइन करू लागला, ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत लागली, पण रविवारची दुपार दोघांनी कधी कुणाला दिली नाही. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी शेजारी शेजारी दोन सीट, दोन स्टिअरिंग, समोर सपाट पडद्यांची रांग आणि मधल्या स्टुलावर चहाचा थर्मास. 'घाटमाथा लीग'मध्ये सह्याद्रीतले सगळे घाट जसेच्या तसे उतरवलेले होते. लेझर लावलेल्या गाड्या फिरवून प्रत्येक वळण, प्रत्येक कठडा, रस्त्याची प्रत्येक भेग मोजून घेतलेली. शर्यत जोडीने खेळायची, दोघांची वेळ एकत्र धरली जायची. चौगुले-चौगुले ही जोडी लीगमध्ये बऱ्यापैकी नाव राखून होती. त्यातही मृण्मयी अधिक वेगवान. इंद्रजित ते चारचौघांत कबूल करायचा.

मग तिला एक ताप आला. ताप उतरला, पण जाताना डाव्या कानाचा आतला भाग घेऊन गेला. त्या बाजूने ऐकू येईना आणि जमीन पायाखालून सरकल्यासारखी वाटू लागली. कानाच्या डॉक्टर होत्या तांबोळी मॅडम. त्यांनी समजावून सांगितलं होतं. कानाच्या आत अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो, वाकलो, पुढे गेलो. तुमचा एक कान आता गप्प झालाय. त्याचं काम डोळ्यांना शिकवायचं. मृण्मयीने भिंतीवरच्या खुणेकडे बघत मान हलवण्याचे व्यायाम नेटाने केले आणि ती पुन्हा चालू लागली, नोकरीला जाऊ लागली, शर्यतीतही उतरली. सपाट पडद्याचा तिला त्रास नव्हता. पडदा कितीही मोठा असला तरी त्याच्या कडेला भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं. मेंदूला ठाऊक असतं की हे चित्र आहे आणि आपण खुर्चीत बसलोय.

जुन्या हेडसेटची अडचण नेमकी इथेच होती. त्याने डोळे पुरते झाकले जात. डोळे सांगत, आपण घाटातून सुसाट चाललोय. कान सांगे, जागचे हललेलो नाही. मेंदू या भांडणाने गोंधळून जाई आणि पोट ढवळून निघे. म्हणून कित्येक वर्षं लीगमधले जाणते खेळाडू पडद्यालाच चिकटून राहिले. हेडसेटवाले म्हणत, पडद्यावर उताराची खोली कळत नाही, ब्रेक कुठे लावायचा ते पाठच करावं लागतं. पडदेवाले म्हणत, आम्ही निदान शर्यत संपल्यावर आपल्या पायांवर उभे असतो.

नव्या हेडसेटने हा वाद मिटवला. त्याला कानामागे टेकणाऱ्या दोन गाद्या होत्या. त्यांतून अगदी सौम्य वीज कानाच्या नसेपर्यंत जाई आणि नळ्यांतला द्रव न हलताही नस म्हणे, हललो. गाडी डावीकडे वळली की कानही म्हणे, डावीकडे. भांडण संपलं. लोक त्याला 'कानवाला हेडसेट' म्हणू लागले. पण भांडण संपायला दोन्ही कान धड असावे लागत. मृण्मयीच्या एकाच बाजूने उत्तर येई आणि तिच्या डोक्यात सगळा घाट भोवऱ्यासारखा गरगरे.

इंद्रजित मागच्या खोलीत खेळू लागला. हेडसेटबरोबर हातमोजेही चढवायचे असत, हात पसरायला मोकळी जागा लागे, शिवाय हॉलमधल्या आवाजाने त्याची तंद्री मोडे, म्हणून दार लावून घ्यावं लागे. महिन्याभरात तो तिच्यापेक्षा वेगाने घाट उतरू लागला. तिला थोडं लागलं ते, पण त्याचा आनंद बघून ती गप्प बसली. एकाच शर्यतीत, एकाच जोडीत, पण मधे एक भिंत. तिला पडद्यावर पुढे त्याच्या गाडीचे लाल दिवे दिसत आणि कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज येई. शेजारच्या सीटवर ती आता धुतलेले कपडे घड्या घालून ठेवू लागली.

शर्यत संपली की दोघं घाटातच कुठेतरी गाड्या बाजूला घेत आणि बोलत बसत. म्हणजे मृण्मयी पडद्याकडे बघत बसे. थांबलेली गाडी, काचेवरचे थेंब, समोर न हलणारी दरी. तासाभराने दार उघडून इंद्रजित बाहेर येई तेव्हा त्याचा चेहरा लांबच्या प्रवासावरून आलेल्या माणसासारखा निवळलेला असे. जेवे, दोन शब्द बोले आणि समाधानाने झोपून जाई. ती मात्र त्या दोन शब्दांसाठी सबंध दुपार थांबलेली असे.

मग तो विचित्र बोलू लागला.

"परवा त्या धबधब्यापाशी तू काय हसलीस गं," एकदा भाजी निवडता निवडता तो म्हणाला.

"कुठल्या धबधब्यापाशी?"

"आंबोलीच्या. गेलो नव्हतो का आपण?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती थट्टा नव्हती. पुढे डॉक्टर मंडळींनी यावर बरंच लिहिलं, पण हेडसेट बाजारात आणताना हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मेंदूत जागांचे नकाशे ठेवणारा एक लहानसा भाग असतो. डोळे आणि कान दोघांची साक्ष जुळली की तो भाग नोंद करतो, 'इथे गेलो होतो'. नुसत्या डोळ्यांची साक्ष असली तर 'हे पाहिलं होतं'. पडद्यावरचा घाट मृण्मयीच्या डोक्यात पाहिलेला घाट होता. कानवाल्या हेडसेटमधला घाट इंद्रजितच्या डोक्यात गेलेला घाट होता. विचारलं असतं तर त्याने अर्थातच सांगितलं असतं की तो खेळ आहे. पण आठवण जेव्हा आपणहून वर येई, तेव्हा तिच्यावर तसं काही लिहिलेलं नसे.

पावसाळा सरता सरता मृण्मयीला चालताना पुन्हा झोकांड्या जाऊ लागल्या. उजव्या बाजूचं बोलणंही कधी कधी अस्पष्ट येई. तांबोळी मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "आता उजव्या कानावरही लक्ष ठेवायला हवं. तो खरंच मंदावतोय का, की नुसता थकवा आहे, ते दिवाळीनंतर नीट चाचणी करून बघू." मृण्मयीने विचारलं, "दोन्ही गेले तर?" मॅडम म्हणाल्या, "तर अंधारात एकटीने चालता येणार नाही. पण आत्ताच तिथवर जाऊ नका."

ती तिथवर केव्हाच गेली होती. दोन दिवस तिने सांगायची संधी शोधली. फाउंड्रीत नव्या साच्यांची घाई होती, इंद्रजित उशिरा येई आणि आला की हेडसेट घाली. शेवटी रविवारी शर्यत संपल्यावर करूळच्या एका वळणावर दोघांनी गाड्या लावल्या. पडद्यावर धुकं उतरलं होतं. समोर रस्ता असला की बोलायला सोपं जातं, म्हणून तिने तिथेच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. मधेच तिचा आवाज फुटला. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली.

हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "मी आहे ना." मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आता उघडेल. कडी वाजेल. हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन फरशीवर सरकत सरकत सीटच्या पायापाशी आलं. दार उघडलं तेव्हा तिने डोळे धुऊन कुकर लावला होता. तो स्वयंपाकघरात आला, तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली आणि म्हणाला, "आता बरं वाटतंय ना?" आणि ताटं घेऊ लागला.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मृण्मयी वाट बघत राहिली. दूध तपासताना, बसच्या खिडकीशी, आंघोळीच्या वेळी भिंतीला हात लावून उभी असताना. याला काहीच कसं वाटत नाही? एकदा तर तो तिच्या डाव्या बाजूला बसून काहीबाही सांगत राहिला आणि ती वळत नाही म्हणून चिडला. तिचा कुठला कान गेलाय हेसुद्धा तो विसरला होता.

दिवाळीच्या पाडव्याला दोघं कागलला अक्कांकडे जेवायला गेली. अक्का म्हणजे इंद्रजितची थोरली बहीण. जेवणं झाल्यावर अक्कांनी मृण्मयीला जवळ बसवून विचारलं, "कान कसा हाय गं आता?"

तिने तोंड उघडायच्या आधी इंद्रजित बोलला. "घाबरली होती बघ अक्का. करूळच्या वळणावर धुक्यात बसलो होतो आम्ही दोघं. तिथं सांगितलं मला. लई रडली. मी जवळ घेतलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडून राहिली कितीतरी वेळ. मग शांत झाली."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा नवरा मिळाया नशीब लागतंय, पोरी."

मृण्मयीने सुपारीची वाटी खाली ठेवली. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ती आठवण स्पष्ट दिसत होती, अगदी ऊबदार, आणि ती तिच्यापाशी नव्हती.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता ती म्हणाली, "तू त्या दिवशी दार उघडून बाहेर आला नाहीस."

"कुठल्या दिवशी?"

"मी रडले त्या दिवशी. मी इथे बसले होते, इंद्रा. एकटी. तू त्या भिंतीपलीकडे होतास."

"असं काय बोलतेस? मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू माझा हात धरला होतास."

"मी स्टिअरिंग धरलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. एखाद्याने लग्नाचा फोटो दाखवून यात तू नव्हतास म्हणावं तसा.

पाडव्याची सुट्टी असूनही लीगच्या मदत केंद्रावर एक मुलगी फोनला होती. मृण्मयीने विचारलं, मी तर पडद्यावरून खेळते, माझ्या अंगाला कुठलाही सेन्सर नाही, मग माझ्या जोडीदाराला मी दिसते कशी?

"ताई, ते आपोआप भरलं जातं," मुलगी उत्साहाने म्हणाली. "तुमचा फोटो आमच्याकडे असतो ना, आणि आवाज येत असतो. आवाजावरून सिस्टिम ठरवते की तुम्ही मान हलवाल, हसाल, जवळ याल. हातमोज्यांत तसा स्पर्शही देते. नाहीतर हेडसेटमधल्या माणसाला शेजारी पुतळा बसल्यासारखं वाटतं. फार एकटं वाटतं हो त्यांना."

मृण्मयीने आभार मानून फोन ठेवला.

प्रत्येक शर्यत लीगकडे साठवलेली असे आणि कुणाच्याही जागेवरून पुन्हा बघता येई. तिने त्या रविवारची शर्यत लावली, इंद्रजितच्या जागेवरून. तोही मागे येऊन उभा राहिला. सपाट पडद्यावर धुकं होतं, कठडा होता, आणि कठड्यावर एक बाई बसली होती. मृण्मयीचाच चेहरा, मृण्मयीचाच आवाज. ती बोलता बोलता सरकून जवळ आली. तिने हात पुढे केला. रडताना तिचं नाक लाल झालं नाही, ओठ वेडेवाकडे झाले नाहीत. तिने मान टेकवली ती डावीकडे, आणि त्या बाजूने आलेलं त्याचं "मी आहे ना" तिला नीट ऐकू आलं. तिने वर बघून मान डोलावली. मग ती बराच वेळ तशीच बसून राहिली. तेवढा वेळ माइकवर फक्त मृण्मयीचे हुंदके येत होते.

"बंद कर," इंद्रजित म्हणाला.

तिने बंद केलं नाही. पूर्ण बघितलं.

त्याने हेडसेट डब्यात घालून कपाटावर टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. शेजारच्या सीटवरच्या घड्या उचलल्या आणि रविवारी तिथे येऊन बसला. पण पडद्यावर त्याला करमेना. वळणाचा अंदाज येईना. "कॅलेंडरवरच्या चित्रात गाडी घातल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. मधेच तो वळून तिच्याकडे बघे आणि काहीतरी शोधत राही. ती आपली गिअर बदलत असे, कपाळाला आठी, ओठ घट्ट मिटलेले. ती त्याच्याकडे मान वळवी तेव्हा तो किंचित दचके. त्याचं जेवण कमी झालं. एकदा ती प्रयोगशाळेतून लवकर आली, तर तो मागच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलेला. हातात काही नाही.

सुरुवातीला तिला राग आला. आपल्यासाठी तो असा कधी झुरला नव्हता. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की त्याचं खरंच कुणीतरी गेलं होतं. त्या बाईबरोबर तो सबंध वर्षभर आंबोली, करूळ, भुईबावडा हिंडला होता. गेलेल्या त्या बाईचा फोटो भिंतीवर लावता येत नव्हता, कारण तो फोटो मृण्मयीचाच होता. आणि हे दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती.

चाचणीच्या सकाळी तो रजा घेऊन तिच्याबरोबर आला. तांबोळी मॅडमच्या दवाखान्यात बाकावर दोघं बसली. समोर मासे असलेली काचेची पेटी, शेजारी एक म्हातारे गृहस्थ कानातलं यंत्र पुसत बसलेले. इंद्रजित जमिनीकडे बघत होता.

"कशी होती रे ती?" मृण्मयीने विचारलं.

त्याने चमकून वर पाहिलं. "कोण?"

"ती. करूळची."

मग तो अगदी हळू बोलला. "ऐकायची. मी फाउंड्रीतलं काहीही सांगितलं तरी ऐकायची. घाई नसायची तिला कसली. हसली की..." तो थांबला. "तुझंच हसू होतं गं ते. बी.एस्सी.ला असतानाचं."

"अजून?"

"घाबरायची नाही. तू रडलीस तेव्हासुद्धा, ती... कशी सांगू, रडली पण घाबरली नव्हती. म्हणून मला वाटलं, मिटलं."

"मी घाबरले होते," मृण्मयी म्हणाली. "अजून घाबरलेली आहे. झोपताना दिवा चालू ठेवते ते कशासाठी, असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, वाचत असशील."

माशांच्या पेटीतला पंप बुडबुडे सोडत राहिला. मग आतून नाव पुकारलं गेलं.

आतल्या खोलीत तिला पलंगावर आडवं केलं. तंत्रज्ञ बाई कर्नाटकातल्या होत्या, मराठी सावकाश बोलायच्या. "डोळ्यांवर काळा चष्मा घालणार. काही दिसणार नाही. मग कानात पाणी सोडणार. कान जिवंत असेल तर जोरात चक्कर येणार. चक्कर आली तर चांगलं, बरं का. भिऊ नका. साहेब, तुम्ही इथे बसा पाहिजे तर."

चष्मा चढला आणि अंधार झाला. आधी डावा कान. पाणी आत शिरलं, थंडगार, आणि काहीच झालं नाही. हे तिला ठाऊकच होतं.

"आता उजवा."

पाणी आलं. ती वाट बघू लागली. अंधार होता तसाच राहिला. एक श्वास, आणखी एक. नाही येत. नाही येत आहे. गेला हाही.

आणि मग पलंग कलला. एका बाजूने कुणीतरी उचलावा तसा कलला, आणि फिरू लागला. आधी सावकाश, मग खोली, भिंती, तिचं सगळं अंग एका भल्यामोठ्या पाळण्यात घालून कुणी गरकन भिरकावल्यासारखं. ती ओरडली. तिने अंधारात हात फेकला. तो कशावर तरी आदळला, आणि तिने ते धरलं. जीव खाऊन धरलं. नखं आत रुतली.

"जिवंत आहे," तंत्रज्ञ बाईंचा आवाज कुठून तरी वरून आला. "चांगला जोर आहे अजून. छान."

ती हसत होती की रडत होती ते तिलाच कळेना. नाकातून पाणी वाहत होतं, केस ओले होऊन मानेला चिकटले होते. खोली अजून गरगरत होती आणि धरलेला हात तेवढा एका जागी होता.

"मृणू," इंद्रजित म्हणाला, "दुखतंय गं."

"दुखू दे," ती म्हणाली.